तीन चुली

भाऊंच्या मनगटावरच्या घड्याळात आपली वेळ कधी नसायचीच. जगात ज्या देशात गडबड सुरू असेल, त्या देशाची वेळ असायची. त्यामुळे रविवारी साडेबाराला जेवायला बोलावलं की ते कधी सकाळी दहाला उगवत, कधी दुपारी तीनला, आणि दारात चपला काढता काढता सांगत, "तिकडं आत्ता साडेबारा झाले."

माझी बायको वंदना त्यांची मावसबहीण. ती आतून ओरडायची, "तिकडं झाले असतीन भाऊ, इकडं वरन दोनदा गरम केलं!"

भाऊ आमच्या अमरावतीच्या घराच्या वरच्या खोलीत आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि सहा वर्षं राहिले. आता ते पुन्हा अकोल्याला गेलेत, खोलीत आम्ही गहू आणि जुने पंखे ठेवतो. पण अजूनही टीव्हीवर कुठल्या दूरच्या देशाची बातमी लागली की माझी नजर जिन्याकडे जाते. आता हा माणूस धडधडत खाली येणार आणि विचारणार, "पाहिलं का जवाई? काही खरं नाही याच्यात. एकही बाई दाखवली नाही सैपाक करताना."

भाऊ स्वतंत्र व्हिडीओ पत्रकार होते आणि त्यांचा विषय होता आंतरराष्ट्रीय घडामोडी. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी हसू दाबायला ताकाचा पेला तोंडाला लावला होता. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला लिपिक. माझ्या लेखी चिखलदऱ्याच्या पलीकडचं सगळंच आंतरराष्ट्रीय. आणि भाऊ स्वतः तरी कुठवर गेले होते? बऱ्हाणपूरपर्यंत. तेही एका लग्नाला.

लग्न हा त्यांचा मूळ धंदा. अकोल्याला वीस वर्षं त्यांनी लग्नाचं व्हिडीओ शूटिंग केलं. कॅसेटचा जमाना पाहिला, सीडीचा पाहिला, आणि मांडवातल्या प्रत्येक पाहुण्याच्या खिशात कॅमेरा आला तेव्हा शांतपणे स्टुडिओचं शटर ओढलं. सगळ्या वऱ्हाडाची लग्नं त्यांनी कॅमेरा लावून पाहिली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणत, "माह्या लग्नात कॅमेरा कोन धरंल? दुसऱ्याच्या हातचं शूटिंग मले पटत नाही."

पण झालं असं, की ज्यांची लग्नं भाऊंनी काढली, ती पोरंपोरी पुढे जगभर पांगली. नांदगाव खंडेश्वरचा एक नवरदेव आखातात क्रेन चालवू लागला. तिवशाची एक नवरी परदेशात नर्स झाली. कुणी जहाजावर, कुणी हॉटेलात. या सगळ्यांना व्हिसाच्या कागदांसाठी कधी ना कधी लग्नाचा पुरावा लागे, आणि पुरावा भाऊंच्या पत्र्याच्या पेटीत सीडी होऊन पडलेला असे.

हिवरखेडच्या प्रतीक्षाचा फोन असाच आला. नवरा आखातातल्या एका बंदरावर कामाला, तीही नुकतीच तिकडे गेलेली. सीडीतला सप्तपदीचा भाग पाठवा म्हणाली. त्याच वेळी आमच्या टीव्हीवर तिचं ते शहर पेटलेलं दाखवत होते. मागे ढोल वाजवावेत तसं संगीत लावलेलं. भाऊंनी विचारलं, "पोरी, कशी आहेस? तिकडं त आग लागली म्हनतात."

"कायची आग भाऊ? दोन गल्ल्या सोडून एक गोदाम जळालं. मी त वांग्याची भाजी करून राहिली."

भाऊंनी फोन ठेवला, लग्नातला जुना हॅलोजन भिंतीला लावला, कॅमेऱ्यासमोर बसले आणि सांगितलं, की अमुक शहरात आत्ता वांग्याची भाजी शिजते आहे, आणि जिथे वांग्याची भाजी शिजते तिथे शहर जळत नसतं. ही त्यांची पहिली बातमी. दोन दिवसांनी मोठमोठ्या वाहिन्यांनीही गोदामच जळाल्याचं सांगितलं, तोवर भाऊंची इंटरनेटवरची वाहिनी सुरू झाली होती.

तिथून त्यांचा नियम ठरला. कोणत्याही गावाची बातमी द्यायची तर आधी तिथल्या तीन घरी फोन लावायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : आज काय जेवले? "लढाईबद्दल मानूस फेकते जवाई," ते म्हणत, "सरकारबद्दल भीतभीत बोलते. पन जेवनाबद्दल कोनी खोटं बोलत नाही. तीन चुलींचं उत्तर जुळलं का बातमी पक्की."

उत्तरं एका लांब वहीत लिहिली जात. देश, गाव, नाव, आणि पुढे : मुगाची खिचडी. किंवा : पाव, कारण गॅस नाही. त्या वहीवरून भाऊ कुठे टंचाई येणार, कुठे संप मिटणार, हे सांगत, आणि पुष्कळदा ते बरोबर निघे.

बाकीचं ज्ञान मांडवातलं. देशोदेशीचे प्रमुख एका रांगेत उभे असल्याचा फोटो आला, की भाऊ भिंग घेऊन बसत. "हे साहेब पाहा, दुसऱ्या रांगेत कोपऱ्यात उभे केले. नवरदेवाच्या चुलत्याले मागं उभं केलं त संध्याकाळपर्यंत भांडन होतेच. हे जेवायच्या आधी उठून जातीन." तीन आठवड्यांनी ते साहेब खरंच बोलणी अर्धवट टाकून निघून गेले. मी कचेरीत चहा पाजून ही गोष्ट सांगितली, जणू काही भविष्य मीच वर्तवलं होतं.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल, की मला या धंद्याची बाधा झाली होती. माझं अक्षर चांगलं आहे. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल वरिष्ठांनी काढलेला तेवढाच एक गौरवोद्गार. भाऊंनी ते हेरलं आणि वही माझ्याकडे आली. भाऊ बाहेर असले की फोनही मीच लावायचा. वंदना मला 'संपादक' म्हणू लागली. ती टोमणा मारत होती, हे मला माहीत होतं. पण मी तो मान म्हणूनच घेतला.

भाऊंची इच्छा मात्र एकच होती. पत्र्याच्या पेटीत सीडींच्या खाली एक पासपोर्ट होता. नऊ वर्षांपूर्वी काढलेला, सगळी पानं कोरी. अधूनमधून ते तो काढून पुसत, पानं चाळत, पुन्हा ठेवत. "एकदा जाऊन, तिकडच्या घरी बसून, समोर वाढलेलं जेवून बातमी द्यायची," म्हणत. "फोनवरचं जेवन कवापर्यंत सांगायचं?"

त्या वर्षी आखाताच्या तोंडाशी काहीतरी बिनसलं आणि जहाजं अडकून पडली. प्रतीक्षाच्या शहरात माल पोहोचतो की नाही, यावर सगळीकडे तर्क चालले होते. त्या मंगळवारी भाऊ कामासाठी अकोल्याला गेले होते. जाताना म्हणाले, "जवाई, प्रतीक्षा, थो क्रेनवाला आन् नर्सबाई, तिघंही त्याच गावात आहेत, तिघाइले फोन लावजा. मी संध्याकाळी येऊन बातमी करतो."

मी कचेरीत जेवणाच्या सुटीत फोन लावले. एका हातात पेन, समोर उघडा डबा.

"आज काय जेवले?"

प्रतीक्षा म्हणाली, "जेवन कुठचं आज! सकाळपासून एक केळं खाल्लं."

मी लिहिलं : एक केळे.

क्रेनवाला म्हणाला, "काही नाही दादा. दोन खजूर आन् पानी."

मी लिहिलं : खजूर दोन. पाणी.

नर्सबाईंनी तर अजून काहीच खाल्लं नव्हतं. "रात्री पाहू आता," म्हणाल्या. मी लिहिलं : काही नाही. रात्रीचे निश्चित नाही. 'निश्चित' या शब्दाखाली रेघही ओढली. मग त्या तिघांच्या काळजीने सुस्कारा टाकून मी डब्यातल्या साबुदाण्याच्या उसळीचा घास घेतला.

होय. साबुदाण्याच्या उसळीचा. त्या दिवशी अंगारकी चतुर्थी होती. मला उपवास होता, वंदनाला होता, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तिघांना होता. परदेशातल्या त्या तिघांनाही होता, आणि त्यांच्यापैकी कुणीही तसं म्हणालं नाही. कारण अंगारकीच्या दिवशी अमरावतीच्या माणसाला उपवास म्हणजे काय, हे कोण समजावून सांगत बसेल?

भाऊंचं म्हणाल, तर ते कुठलाच उपवास करत नसत. वीस वर्षं लग्नाच्या पंगतीत जेवलेला माणूस, तिथी त्यांना लग्नपत्रिकेवरचीच ठाऊक. त्यातून त्यांच्या घड्याळात तेव्हा आखात. संध्याकाळी ते आले, वही वाचली आणि खुर्चीत बसले. "तिन्ही चुली बंद," एवढंच बोलले. मग हॅलोजन लावला. साडेसातला बातमी गेली : या शहरात आपल्या माणसांच्या तीन घरी आज चूल पेटली नाही. कुणी केळ्यावर आहे, कुणी खजुरावर.

नऊच्या सुमाराला चंद्र निघाला. वंदनाने गच्चीवरून ओवाळलं आणि हाक मारली, "चला संपादक, सोडा उपास." मी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच बसलो. माझ्या डोळ्यांसमोर माझंच सुंदर अक्षर आलं. रात्रीचे निश्चित नाही.

मी जिन्याच्या पाच पायऱ्या चढलो. वरून भाऊंचा आवाज आला, "जवाई! गंज, हजारो लोक पाहून राहिले! मुंबईवाल्याइनंही उचलली आपली बातमी!"

"छान," मी म्हणालो आणि पाच पायऱ्या उतरलो.

सकाळी मी डोकं दुखतंय म्हणून रजा टाकली. ते खोटं नव्हतं. नऊ वाजता मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीतून बाईंचा फोन आला. भाऊंनी आम्हा दोघांना ऐकू यावा म्हणून तो स्पीकरवर ठेवला. बाई म्हणाल्या, "सर, काय स्टोरी केलीत! आम्ही तुम्हाला तिकडेच पाठवतोय. त्या तीन घरांतून थेट. तुमचा पासपोर्ट आहे ना? सोमवारचं विमान."

भाऊंनी उत्तर देण्याआधी पेटी उघडली. पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला. वंदनाने साखर आणली. मी साखर खाल्ली. इतकी कडू साखर मी आजवर खाल्लेली नाही.

अकराच्या सुमारास दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात दोन पिशव्या. प्रतीक्षाची आई. पहाटेच्या एसटीने हिवरखेडहून निघालेली. पिशव्यांत कुरड्या, पापड, सांडगे, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी.

"माही पोरगी उपाशी आहे आन् तुमी फोटो काढून राहिले?" ती भाऊंवर कडाडली. "तिच्या लग्नात तुमाले तीन पुरनपोळ्या वाढल्या होत्या मी! हे आत्ताच्या आत्ता पाठवा तिले."

"मावशी, तुमी फोन नाही लावला का?"

"लावला त! उचलत नाही. उचलाची ताकत नसंल!"

भाऊंनी स्पीकरवर फोन लावून तिच्यापुढे धरला. पोरगी उठलेली होती.

"काय झालं माय? मी झोपली होती. आता पोहे खाऊन राहिली."

"आन् काल? काल काहून नाही खाल्लं?"

"काल चतुर्थी होती ना! तू नव्हती धरली?"

प्रतीक्षाच्या आईने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "धरली होती त." आणि पिशवी खाली ठेवून जिन्याच्या पायरीवर बसली.

भाऊंनी वही मागितली. ते पान काढलं. वाचलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "जवाई, काल तुमी डब्यात काय नेलं होतं?"

 स्वयंपाकघरातून वंदनाच बोलली, "साबुदान्याची उसळ."

आता मला शिव्या बसायला हव्या होत्या. त्या बसल्या नाहीत. आमच्याकडे बायकोच्या भावाने जावयाला उलट शब्द बोलायचा नसतो. पहिला पाट जावयाचा, पापड आधी त्याच्या ताटात, आणि चूक झालीच तर ती दुसऱ्या कुणाची तरी. या रिवाजाचा बावीस वर्षं मी यथेच्छ फायदा घेतला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो अंगावर काट्यासारखा टोचला. भाऊंनी वही मिटली आणि म्हणाले, "उसळ चांगली झाली असंल."

दुपारी त्यांनी स्वतः मुंबईला फोन करून सगळं सांगितलं. त्या बाई हसल्या. "सर, चूल पेटली नाही हे खरं आहे ना? मग झालं तर. उपवासाचं आपण काढायचंच नाही. तुम्ही सोमवारी निघा."

"आन् तिथं जाऊन काय दाखवू?" भाऊंनी विचारलं. "पोहे?"

"तिकडे पोहोचल्यावर बघू की काहीतरी."

"बाई, मी वीस वर्षं लग्नं काढली," भाऊ म्हणाले. "रडत नसलेल्या मायले कधी रड म्हनलं नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि स्टँड उघडायला घेतला. मी पुढे झालो. "भाऊ, चूक माझी आहे. मी बसतो कॅमेऱ्यासमोर."

"जवाई कॅमेऱ्यासमोर येते थो हार घालून येते," भाऊ स्क्रू आवळत म्हणाले. "माफी मागाले नाही येत. हॅलोजन धरा."

मी हॅलोजन धरला. भाऊ जे बोलले ते मला तोंडपाठ आहे : "काल मी सांगतलं का तीन घरी चूल पेटली नाही. थे खरं होतं. पन काहून पेटली नाही, हे मी इचारलं नाही. चतुर्थी होती. त्या गावात खायाले आहे. ज्याइच्या घरी काल घोर लागला असंल, त्याइनं आज पोटभर जेवा. चूक माही आहे." संपलं.

पुढचे कित्येक दिवस लोक त्या बातमीखाली नाही नाही ते लिहीत होते. कुणी म्हणालं विकला गेला, कुणी म्हणालं जा, सत्यनारायणाचं शूटिंग कर. मुंबईचा फोन पुन्हा आला नाही. सोमवार आला आणि गेला. पासपोर्ट शर्टाच्या खिशातून पेटीत, सीडींच्या खाली गेला. प्रतीक्षाच्या आईने कुरड्या-पापड परत नेले नाहीत. ते आम्ही दिवाळीपर्यंत तळले आणि प्रत्येक पापड माझ्या ताटात आधी पडला.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. खोलीत जगाच्या नकाशाशेजारी तिथींचं कॅलेंडर आलं, आणि भाऊंची प्रत्येक बातमी एकाच वाक्याने सुरू होऊ लागली : "आज अमुक तिथी. उपास नाही. आता जगाकडं." नव्या प्रेक्षकांना हा काहीतरी मंत्र वाटे. दुसरी गोष्ट म्हणजे वही. भाऊ आता फोन स्वतःच लावत, स्वतःच लिहीत. मी मागितली तर म्हणत, "राहू द्या जवाई, तुमी कचेरीतून थकून येता." यापेक्षा त्यांनी माझ्या बापाचा उद्धार केला असता तर मला झोप लागली असती.

काही महिन्यांनी प्रतीक्षाचा फोन आला. तिला सातवा महिना लागणार होता. डोहाळेजेवण तिकडेच करायचं ठरत होतं आणि आईला बोलावलं होतं, पण आई एकटी विमानात बसायला तयार नव्हती. "आन् भाऊ," ती म्हणाली, "माह्या लग्नाचं शूटिंग तुमी केलं. याचं दुसरं कोन करीन? दोघाइची तिकिटं काढतो आमी."

भाऊंनी पेटी उघडली. पासपोर्टचे सात महिने उरले होते. आंतरराष्ट्रीय पत्रकार म्हणून जो शिक्का बसला नाही, तो डोहाळेजेवणाचे शूटिंगवाले म्हणून बसणार होता. मला वाटलं होतं त्यांना हे जरा लागेल. छे! ते दोन दिवस फुलांच्या धनुष्यबाणाचा कोन कसा घ्यायचा, याची आखणी करत होते.

नागपूरच्या गाडीत बसवायला मी गेलो. प्रतीक्षाची आई लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. भाऊ मला म्हणाले, "कुंड्याइले पानी घालजा." वहीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मागे बायकांची गाणी, भांड्यांचा आवाज, आणि प्रतीक्षाच्या आईचा सगळ्यांत वर चढलेला आवाज : "अवं, त्याइले आनखी वाढा!"

"जवाई," भाऊ म्हणाले, "वर जा. उशीखाली वही आहे. काढा."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. या वयात ते शोभत नाही, पण बघायला कुणी नव्हतं. वही काढली, पेन काढलं.

"लिवा. आज सप्तमी. उपास नाही."

"लिहिलं."

"पुरनपोळी चार. कढी. कुरडई. वांग्याची भाजी." मग म्हणाले, "हे फोनवरचं नाही. समोर वाढलेलं आहे. तसं लिवा."

मी तसं लिहिलं. 'समोर' या शब्दाखाली रेघही ओढली.

"आता आनखी दोन घरं राहिली इथली. क्रेनवाला आन् नर्सबाई. त्याइले तुमी इचारा. मले धनुष्यबानाकडं जाचं आहे. बातमी आज इथून देतो."

"मी विचारू?"

"मंग काय धनुष्यबान तुमी शूट करता?"

मी हसलो. मग सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "भाऊ, किती वाजले हो तुमच्याकडे?"

"साडेसात."

मी माझ्या घड्याळात पाहिलं. साडेसात. तिकडे सहा वाजले असायला हवे होते.

"भाऊ, तुम्ही तर अमरावतीची वेळ सांगताय. तिकडची नाही लावली?"

"इकडं सारं ठीक आहे," भाऊ म्हणाले. "घड्याळ मी गडबड असंल त्या गावचं लावतो जवाई. वही आता तुमच्या हाती देली ना."